गाणं शब्दांचं की चालीचं, हे कसं ओळखावं

मी नारायण पेठेत सुगम संगीत शिकवते. शब्द मोठे की चाल, हा वाद वर्गात निघाला की मी पेटीचा भाता मिटते आणि विचारते, कुठल्या गाण्याबद्दल बोलताय? गाण्यागणिक उत्तर बदलतं, आणि ते शोधायची रीत आहे.

आवडत्या गाण्याचे शब्द वहीत उतरवा आणि चाल न लावता मोठ्यानं वाचा. मुखड्याला, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळींना, चाल इतकी चिकटलेली असते की जमत नाही, म्हणून शेवटच्या अंतऱ्यापासून, म्हणजे शेवटच्या कडव्यापासून, सुरुवात करा. तो आपण फारसा गुणगुणलेला नसतो. वाचताना गळा दाटून आला, तर ते काम शब्दांचं. मग शब्द सोडून नुसत्या 'आ'कारात तेच म्हणा. तेव्हा गळा दाटला, तर ते काम चालीचं.

आता ताल धरा. केरवा असेल तर आठ मात्रा, दादरा असेल तर सहा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जो शब्द येतो त्याखाली रेघ मारा. मला सगळ्यात जास्त इथंच कळतं. ओळीचा जीव असलेला शब्द समेवर येत असेल, तर संगीतकारानं कविता नीट वाचली आहे. समेवर 'आणि', 'तो', 'ही' बसलेत, ऱ्हस्व अक्षर उगाच ताणलंय, शब्द तोडून श्वास घेतलाय, असं दिसलं तर शब्द चालीमागे फरफटताहेत. अशी गाणीही गोड लागतात. फक्त त्याचं श्रेय कवीला देऊ नका.

आपल्या पुणे आकाशवाणीचंच बघा. १९५५च्या रामनवमीला तिथून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक अशी ५६ गाणी. तिथं शब्द निसटला तर कथाच निसटते, म्हणून इतक्या सुंदर चालीही शब्दांच्या पुढे धावत नाहीत. उलट नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' घ्या. चाल राम फाटकांची, गळा भीमसेनजींचा. ओळीओळीत 'विठ्ठल' हाच शब्द. तरी दर वेळी हाक नवी वाटते, ती अहिरभैरव रागाच्या सुरांमुळे. इथं मी चालीला कौल देते, आणि त्यानं नामदेवांचा मान तसूभरही कमी होत नाही.

स्वारगेटच्या बसमध्ये इअरफोन लावून मात्र निवाडा करू नका. त्या गोंगाटात ठेका आणि मुखडा तेवढा पोचतो. घरी, पंखा बंद करून ऐका.

लहान मुलांबरोबर करायचं असेल तर मनाचे श्लोक घ्या. वृत्त भुजंगप्रयात: एक लघु (ऱ्हस्व) अक्षर, दोन गुरू (दीर्घ), असं चार वेळा. नुसतं वाचायला सांगितलं तरी मुलं डोलायला लागतात, कारण लय अक्षरांतच आहे. त्यांना शब्द की चाल हे इतक्यात विचारू नका. आधी बोटांवर लघु-गुरू मोजायला शिकवा.