डास औषधाला दाद देत नाहीत, असं लिहिण्याआधी या चुका टाळा

फवारणीला महिना झाला, गोठ्यात डास तसेच दिसतायत, गावात हिवतापाचे दोन रुग्ण निघाले, की निष्कर्ष ठरलेला असतो: डास औषधाला सरावले. कीटक समाहारक, म्हणजे डास पकडून तपासणारा आरोग्य कर्मचारी, म्हणून पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात बावीस वर्षं काढली, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा हंगाम आठवत नाही.

कधी कधी ते खरंही असतं. ग्रामीण हिवतापाचा आपल्याकडचा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस. देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि हा डास डीडीटीला सरावल्याची नोंद १९५९ मध्येच झाली. सत्तरच्या दशकात मॅलॅथिऑनबद्दल तेच झालं. म्हणून कुणी शंका घेतली तर मी ती उडवून लावत नाही. पण भिंतीवर मारता येतील अशी औषधं आपल्याकडे मोजकीच आहेत. चुकीच्या चाचणीवरून एक चांगलं औषध बाद झालं, तर त्याची किंमत पाड्यावरचं लेकरू तापानं फणफणून मोजतं. म्हणून घाई करणाऱ्यांवर मी चिडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भिंत न बघता डासाला दोष देणं.

एका गावात सप्टेंबरमध्ये फवारणीची दुसरी फेरी झाली होती. ऑक्टोबरमध्ये तिथून रुग्ण निघाले, आणि औषध बदलून मागणारं पत्र तयारही झालं. मी म्हटलं, सही होण्याआधी मला दोन दिवस द्या. सकाळी सहाला गावात पोचलो. पहिल्याच घराच्या दारावर फवारणीची तारीख आणि 'पूर्ण' असा शेरा. आत गेलो, तर माजघराच्या भिंती पांढऱ्या मातीनं लख्ख सारवलेल्या. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरला की फवारणीचे पांढुरके ठिपके उठून दिसतात. तिथे एकही दिसेना. म्हातारी म्हणाली, "घट बसायचे होते बाबू, औषधाचे ओघळ तसेच कसे ठेवू?" तिचं काही चुकलं नव्हतं. अडीच-तीन महिने भिंत सारवू नका, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघर आणि देवघर तर फवारणीच्या दिवशी बंदच होतं, तरी शेरा 'पूर्ण'.

गोठ्याची भिंत मात्र सारवलेली नव्हती. मी दोन्ही भिंतींवर कोन, म्हणजे डास कोंडायचे छोटे पारदर्शक शंकू, लावले, प्रत्येकात त्याच गावातून आणलेल्या दहा माद्या सोडल्या, तीस मिनिटं ठेवल्या आणि चोवीस तासांनी मोजल्या. गोठ्याच्या भिंतीवरच्या दहाच्या दहा मेल्या. माजघरातल्या दोन मेल्या, आठ उडत होत्या. डास तेच, औषध तेच. पत्र थांबलं आणि त्या गावात फवारणी पुन्हा झाली.

म्हणून माझी सवय अशी: डासांवर औषध तपासायचं नळ्यांचं किट गाडीत ठेवायचं आणि आधी पाच घरांच्या भिंती बघायच्या. कोन भिंतीवर तीस मिनिटं आणि मच्छरदाणीवर तीन मिनिटं लावतात. ही अदलाबदल करून 'भिंतीवर डास मरत नाहीत' म्हणणारेही मी पाहिलेत.

फवारणीतल्या बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. पावडर बादलीच्या तळाशी बसते, ढवळणारा माणूस हलला की शेवटच्या घरांना नुसतं पाणी मिळतं. नोझलचं तोंड झिजलं की धार बिघडते. मी मोजपात्र आणि घड्याळ घेऊन मिनिटाला ७४० ते ८५० मिली पडतंय का ते बघतो, नसेल तर टिप बदलायला लावतो. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर हवं. दमलेला माणूस दुपारनंतर हात लांब करून मारतो, म्हणून मी दुपारनंतरची घरं मुद्दाम तपासतो.

आता चाचणी. भिंत ठीक निघाली, तरच इथवर यायचं.

नळीतली चाचणी दिसायला सोपी आहे. वीस-पंचवीस माद्या, औषधाचा कागद लावलेल्या नळीत एक तास, मग साध्या नळीत चोवीस तास, सोबत साखरपाण्याचा बोळा. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर डास औषधाला बळी पडतायत, ९० च्या खाली मेल्या तर प्रतिकार पक्का, मधलं असेल तर शंका ठेवून चाचणी पुन्हा. नव्या मुलांना हा शेवटचा आकडा हवा असतो. त्याच्या आधीचे चोवीस तास कुणाला नको असतात.

मे महिन्यात एका नव्या मुलानं शाळेच्या व्हरांड्यात चाचणी लावली. वर पत्रे. नळ्या टेबलावर ठेवून तो जेवायला गेला आणि रात्री घरी जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो आनंदात होता, "सर, औषधानं शंभरातले सत्त्याऐंशी मेले." मी विचारलं, कंट्रोलमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या नळ्यांत, किती मेले? पन्नासातले चौदा, म्हणजे २८ टक्के. ज्यांना औषध लागलंच नाही त्यांच्यातले चौदा मेले, तर बाकीच्यांना औषधानं मारलं की उन्हानं, हे कसं सांगणार? त्याचं उत्तर तयार होतं, अ‍ॅबटचं सूत्र लावतो. कंट्रोलमधली मर वजा करून आकडा दुरुस्त करणारं ते सूत्र छोट्या फरकासाठी आहे. कंट्रोलमध्ये शंभरातले १० मेले आणि औषधात ८६, तर ८६ मधून १० वजा करायचे आणि ९० नं भागायचं, ८४ टक्क्यांच्या आसपास येतं. पण कंट्रोलमधली मर वीस टक्क्यांवर गेली की चाचणी फेकून द्यायची. तिथे सूत्र लावणं म्हणजे खोटं आकड्यात लपवणं. नळ्या नीट बघितल्या तर दोन नळ्यांच्या जाळीवर मुंग्यांची रांग होती आणि आत नुसते पंख उरले होते. ते पंख त्यानं 'मेलेले' म्हणून मोजले होते.

त्याला मी पुन्हा डास पकडायला लावले, आणि रात्रभर त्याच्यासोबत बसलो. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, नळ्यांवर ओला टॉवेल, शेजारी तापमापी. तापमान २७ अंशांच्या आगेमागे आणि हवेत पुरेसा ओलावा हवा. मे महिन्यात विदर्भात हे जमवायचं तर मातीच्या घराची आतली खोली शोधावी लागते. पत्र्याखाली मी चाचणी लावतच नाही, वरिष्ठ कितीही घाई करोत.

डास कुठले घेतलेत, हेही बघा. गोठ्यात टॉर्च मारली की ढिगानं मिळतो तो बऱ्याचदा अ‍ॅनोफिलिस सबपिक्टस असतो. तो मोजून क्युलिसिफेसिसचा अहवाल पाठवणं ही फसवणूक आहे, नकळत झाली तरी. भिंगाखाली पंखाची तिसरी शीर बघा, क्युलिसिफेसिसची काळी, दिसायला जवळच्या फ्लुविएटिलिस डासाची बहुतांशी पांढरी. नर वगळा, ते लवकर मरतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी औषध जास्त सोसते, आणि वय वाढेल तसा प्रतिकार उतरतो. म्हणून मी शक्यतो नदीपात्रातल्या डबक्यांतून अळ्या आणतो, वाढवतो, आणि तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या वापरतो. आठवडा जास्त जातो. जाऊ द्या.

तासाभरानं खाली पडलेला डास मेलेला नसतो. पायरेथ्रॉइडनं, म्हणजे डेल्टामेथ्रिनच्या गटातल्या औषधानं, आडवे झालेले कितीतरी रात्रीतून उठून उडतात. मोजायचं चोवीस तासांनीच. ज्याला उभं राहता येत नाही, नीट उडता येत नाही, तो मेला.

कागद सहा वेळांपेक्षा जास्त वापरू नका. फ्रिजमधून काढला की लगेच लावू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डेल्टामेथ्रिनची नळी मॅलॅथिऑनला वापरू नका. हाताला डास पळवणारं मलम किंवा तंबाखू असेल, तर किटला शिवू नका.

एवढं सगळं करूनही आकडा ९० च्या खाली आला, तर तो मनापासून घ्या. मग पीबीओचा, म्हणजे औषध मोडण्याची डासाची ताकद रोखणाऱ्या रसायनाचा, कागद आधी लावून पुन्हा चाचणी करा. मर वाढली तर डास औषध शरीरात मोडून टाकतोय, वाढली नाही तर कारण बहुधा नसांमधल्या बदलात आहे. मच्छरदाण्या पायरेथ्रॉइडच्या असतील, तर भिंतीवरही तेच मारण्याचा आग्रह सोडा. शेजारी कापसाचं शिवार असेल तर तिथे काय फवारतात तेही विचारा, डासाच्या अळ्या त्याच शिवाराच्या पाण्यात वाढतात.

आणि एका गावाचा आकडा अख्ख्या जिल्ह्याला लावू नका. नळीवर गाव, तारीख, डासाची जात, कागद कितव्यांदा वापरला, आणि डास अळीतून वाढवला की गोठ्यातून पकडला, हे सगळं पेन्सिलनं लिहा. शाईचं पेन ओल्या टॉवेलखाली पुसलं जातं.