मंडळीतील किशोरांना लैंगिकता शिक्षण देण्यासाठी पुढे येताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वयात येणाऱ्या मुलांशी शरीराविषयी बोलण्याची जबाबदारी घर शाळेवर टाकते आणि शाळेत तो विषय विज्ञानाच्या एखाद्या धड्यात उरकला जातो. 2007 मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी शाळांमधील किशोर शिक्षण कार्यक्रम थांबवला होता, त्यामुळे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे आज पालक झालेल्या अनेकांना हे शिक्षण स्वतःलाच मिळालेले नाही. मुलांना बाप्तिस्म्यापासून ओळखणारी मोठी माणसे मंडळीत असतात, म्हणून हे काम मंडळीनेच हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते.

सुरुवात पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या लेखी संमतीने करावी आणि त्यानंतर मुलांच्या आधी पालकांची सभा घ्यावी. अमेरिकेतील युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या मंडळ्यांनी मिळून तयार केलेल्या ‘अवर होल लाइव्ह्ज’ या कार्यक्रमातही पालकांना आधी विश्वासात घेतात आणि वर्ग प्रशिक्षित जोडीकडे सोपवतात. सभेत कोणती चित्रे दाखवणार आणि कोणते शब्द वापरणार हे पालकांसमोर उघडपणे ठेवावे. शिकवल्याने मुले बिघडतील ही शंका हमखास येते. अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हे युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. शिवाय शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो, तर त्या मंदिराची ओळख मुलांना करून देण्यात संकोच कशाला, असे वडीलधाऱ्यांना आदराने विचारता येते.

वर्गासाठी मे महिन्याची सुट्टी सोयीची. दहा ते बारा वर्षांचा गट आणि त्यापुढील मुलांचा गट वेगळा ठेवावा, आणि शिकवायला नेहमी एक स्त्री व एक पुरुष असे दोघे असावेत. कोणत्याही मुलाशी बंद खोलीत एकट्याने बोलू नये.

बहुतेक मुलांची घरची भाषा मराठी आणि शाळेची कन्नड किंवा इंग्रजी असल्यामुळे आकृत्यांवर दोन्हीकडची नावे लिहावीत. गर्भाशय, योनी, लिंग, वीर्य हे शब्द पहिल्याच दिवशी सरळ उच्चारावेत, कारण शिकवणाऱ्याचाच आवाज खाली गेला तर मुलेही पुढे काही विचारत नाहीत. पाळीची पहिली काही वर्षे अनियमितता असू शकते आणि पॅड साधारण चार ते सहा तासांनी बदलावे, हे मुलग्यांनाही कळू द्यावे. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब ही समजूत अजूनही ऐकू येते आणि गुप्तरोगाच्या जाहिराती तिच्यावरच पोसल्या जातात. झोपेत वीर्य जाणे किंवा हस्तमैथुन यांमुळे अशक्तपणा येत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगावे.

खरे काम प्रश्नपेटीतून होते. प्रत्येकाला एकाच आकाराची चिठ्ठी आणि सारखीच पेन्सिल द्यावी, भाषा आणि लिपी कोणतीही चालेल असे सांगावे, आणि ज्याला काही विचारायचे नाही त्यानेही ‘प्रश्न नाही’ असे लिहून चिठ्ठी पेटीत टाकावी, म्हणजे कोणी लिहिले आणि कोणी नाही हे कोणालाच ओळखता येत नाही. चिठ्ठ्या दोघांनी आधी वाचून पुढच्या वेळी उत्तरे द्यावीत आणि नंतर त्या फाडून टाकाव्यात. मात्र एखादीतून मुलावर अत्याचार होत असल्याचे सूचित झाले, तर ती जपून ठेवावी आणि लगेच हालचाल करावी.

याविषयी स्वयंसेवकाने 2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, नीट समजून घेतलाच पाहिजे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती हा कायदा मानत नाही, त्यामुळे दोन किशोरांचे परस्परसंमतीचे संबंधही त्याच्या कक्षेत येतात. गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळीची बदनामी टाळण्यासाठी प्रकरण पंच कमिटीत मिटवणे हा त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे, असे मी मानते. म्हणून “ताई, कोणाला सांगू नका” असे म्हणत कोणी जवळ आले, तर शपथ घेऊ नये. “तू सांगितलेस हे बरे केलेस. तुझ्या सुरक्षिततेसाठी मला काही जणांना सांगावे लागेल, पण वर्गात किंवा मंडळीत मी याची वाच्यता करणार नाही,” असे शांतपणे म्हणावे. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी कळवावे. हा नियम पहिल्या तासालाच सर्वांना सांगावा, म्हणजे काय सांगायचे आणि त्यातून काय घडेल, हे मूल जाणून बोलेल.

आरोग्याच्या प्रश्नांसाठी सरकारी रुग्णालयांतील किशोरांची ‘स्नेहा क्लिनिक’ आहेत. तेथील समुपदेशकांना एका सत्रासाठी बोलवावे. सभागृहातील फलकावर मुलांसाठीचा 1098, एचआयव्हीविषयीचा 1097 आणि मानसिक आधारासाठीचा 14416 हे क्रमांक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लावावेत, आणि ते उपासनेच्या वेळीही काढू नयेत.