पुराचं पाणी सोसायटीच्या खालच्या टाकीत शिरलं तर

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या कुर्ल्याच्या इमारतीत तळमजल्याच्या खिडक्यांच्या गजांपर्यंत पाणी चढलं होतं. ते ओसरल्यावर आम्ही चिखल उपसला, गाद्या टाकून दिल्या, जिना फिनेलने धुतला. जमिनीखालच्या टाकीत मात्र कुणी डोकावलं नाही. झाकण जागेवर होतं, नळाला पाणी येत होतं, मग शंका कोण घेणार? महिन्याभराने माझ्या मुलाचे डोळे पिवळे दिसायला लागले. मग दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आजारी पडली, पाठोपाठ तिची आजी. दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी वर येते. तोवर घरं आवरून झालेली असतात आणि पुराशी तिचा संबंध कुणी लावत नाही.

तेव्हापासून सोसायटीच्या पाण्याचं मी बघते. आमच्यासारख्या सखल भागातल्या इमारतींच्या उपयोगाचं जे आहे ते इथे लिहिते आहे.

आधी पाणी आत कुठून येतं ते शोधा. जुन्या इमारतींत टाकीचं झाकण अंगणाच्या सपाटीला असतं, त्यामुळे पहिला संशय झाकणावर जातो. आम्हीही झाकणाभोवती दोन फूट उंच विटांचा कट्टा बांधून घेतला, वर रबराची पट्टी लावलेलं झाकण बसवलं आणि निर्धास्त झालो. पुढच्याच पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी असताना मी टॉर्च मारून आत पाहिलं. भिंतीतून करंगळीएवढी गढूळ धार येत होती आणि तिच्यात चहाच्या चोथ्यासारखा काळा कचरा होता. ते भोक पंपाची वायर आत नेण्यासाठी पाडलेलं होतं. वायर बारीक आणि भोक मोठं, ते कधी कुणी बुजवलंच नव्हतं. दुसरी वाट ओव्हरफ्लोच्या पाइपाची. त्याचं तोंड गटाराजवळ उघडं असलं तर गटार तुंबल्यावर तेच पाणी उलटं टाकीत येतं. तो पाइप कट्ट्याच्या वर न्या, तोंड खाली वळवा, जाळी लावा. वायरीचं भोक सिमेंटने बंद करा. हे काम मे महिन्यात उरका, जूनमध्ये प्लंबर आणि गवंडी हाताला लागत नाहीत.

मोठ्या पावसाच्या दिवशी आभाळाइतकंच भरतीकडे लक्ष ठेवा. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघते आणि जेमतेम अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत साकीनाका, कुर्ला, कालिना, धारावी. समुद्राला भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही आणि नदीत उतरणारे नालेही तुंबतात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, तो तक्ता वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. विहार भरून वाहू लागल्याची बातमी सगळ्या शहराला आनंदाची वाटते. मलाही वाटते, पण त्या दिवशी मी भरतीची वेळ पाहून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेते. खाली काही झालं तरी वरचं पाणी चांगलं राहतं आणि इमारतीचे दोन दिवस निभतात.

अंगणात पाणी साचायला लागलं की टाकीत येणाऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवा. पंपाच्या खोलीत पाणी शिरल्यावर मात्र स्विचला हात लावायला कुणीही जायचं नाही. इमारतीची विजेची मेन लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पंप गेला तर जाऊ द्या.

सगळ्यात मोठी चूक पाणी ओसरल्यानंतर होते. पहाटे पाच वाजता वॉचमन सवयीने पंप लावतो आणि खालची घाण अर्ध्या तासात गच्चीवरच्या टाकीत आणि प्रत्येक घरच्या पाइपात जाऊन बसते. मग एका टाकीऐवजी सगळी इमारत धुवावी लागते. म्हणून फ्यूज खिशात ठेवायला सांगितलं. टाकीत नक्की काही शिरलं का, हे कळत नसेल तर शिरलं असंच धरून चाला.

टाकी मडपंपाने, म्हणजे गाळ ओढणाऱ्या पंपाने, रिकामी करा. डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत उतरवू नका, झाकणाच्या तोंडाशीही ठेवू नका, त्याच्या धुराने आतल्या माणसाचा जीव जातो. झाकणं काही तास उघडी ठेवून हवा खेळू द्या. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि दोर धरून बाहेर दोघं उभे हवेत. आतला माणूस पडला तर त्याला दोराने ओढायचं, मागोमाग उडी मारायची नाही. गमबूट आणि हातमोजे द्या, कारण पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) लहानशा जखमेतूनही होतो. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. त्यावर प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

गाळ काढून भिंती, छत आणि तळ ब्रशने घासून घ्या. एकदा आम्ही नेमलेल्या माणसांनी तळ तेवढा धुतला आणि बिल लावलं. छतावर हात फिरवला तर बोटं काळी झाली. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी छत तपासते.

आता ब्लीचिंग पावडर. सीलबंद आणि ताजी घ्या, दमट खोलीत उघड्या पडलेल्या पिशवीत क्लोरीन उरलेलं नसतं. आमची टाकी २० हजार लिटरची आहे. तेवढं पाणी निर्जंतुक करून सोडून देणं या शहरात जिवावर येतं, म्हणून आम्ही पाच हजार लिटरच भरतो. हजार लिटरला १५० ग्रॅम या हिशेबाने त्यात पाऊण किलो पावडर लागते. पावडर बादलीत कालवायची, दहा मिनिटं थांबायचं आणि वरचं निवळ पाणी तेवढं ओतायचं. खाली बसलेला चुना टाकीत घालायचा नाही. याच पाण्याने भिंती पुन्हा घासायच्या. गढूळ पाणी वर गेलेलं असेल तर आधी गच्चीवरची टाकीही रिकामी करून घासायची, मग हे औषधी पाणी वर चढवायचं. प्रत्येक घरात क्लोरीनचा वास येईपर्यंत नळ सोडायचे, बंद करायचे आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हे पाणी कुणी प्यायचं नाही. दारोदार सांगा, म्हाताऱ्या माणसांना दोनदा सांगा. सकाळी सगळं सोडून देऊन साध्या पाण्याने टाक्या आणि पाइप धुवा.

पालिकेचं पाणी सुरू झालं की पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. आपल्याकडे पाणी ठराविक वेळच येतं. बाकीच्या वेळी लाइनीत दाब नसतो, तेव्हा लाइन कुठे फुटलेली असली तर आजूबाजूचं गटाराचं पाणी तिच्यात ओढलं जातं. आम्ही मीटरजवळच्या नळातून पांढऱ्या बादलीत पाणी घेतो आणि तळ स्वच्छ दिसल्यावरच टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. चारपाच बादल्या सोडूनही पाणी गढूळ राहिलं किंवा वास आला तर चावीवाल्याला (पालिकेचं पाणी सोडणाऱ्या माणसाला) सांगा, वॉर्ड ऑफिसच्या जल खात्यात लेखी तक्रार द्या आणि १९१६ वर फोन करून तक्रारीचा नंबर मागून घ्या.

पुढचे पंधरा दिवस हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे आमच्या भरलेल्या टाकीला ५० ग्रॅम. अर्ध्या तासाने नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन आहे का ते बघायची थेंबांची तपासणी, करा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. किटबरोबरच्या रंगांच्या कार्डावर ०.५ च्या आसपास जुळायला हवं. टेस्ट केलेलं पाणी ओतून टाका, ते औषध पोटात जाता कामा नये. सर्वात वरच्या मजल्यावरचा आणि टाकीपासून सर्वात लांबचा असे दोन नळ रोज बघा. तेवढे दिवस पिण्याचं पाणी उकळा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आणखी महिनाभर उकळत राहा.

जिन्याच्या भिंतीवर आम्ही ऑइल पेंटने पुराच्या रेषा काढल्या आहेत. २००५ ची रेषा माझ्या खांद्याला लागते, तिच्यापुढे दोन फुटांचा कट्टा टिकणार नाही हे दिसतंच आहे. म्हणून नवा वॉचमन आला की पहिल्याच दिवशी ती रेषा आणि पंपाचा फ्यूज या दोन गोष्टी मी त्याला स्वतः नेऊन दाखवते.