एका गोधडीवर दहा हात: या चुका टाळा

देणगीसाठी गटाने गोधडी शिवायला घेतली की चर्चा रंगांची आणि नक्षीची होते. गोधडी बिघडते ती मात्र बहुतेकदा मापामुळे. दहाही जणांचा हात चांगला असतो, फक्त प्रत्येकाचा पाव इंच वेगळा असतो.

ब्लॉक एकमेकांना जुळत नाहीत

ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला गोधडीचा एकेक चौकोन. सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच, आणि तिचं मूळ मायेत, म्हणजे टीप आणि कापडाचा काठ यांमध्ये सोडलेल्या कापडात असतं. एका ओळीत सहा तुकडे असतील तर पाच शिवणी येतात. माया पाव इंचाऐवजी केवळ एक-सोळांश इंचाने जास्त गेली, तरी दर शिवणीला दोन्ही तुकड्यांतून मिळून एक-अष्टमांश इंच कापड खाल्लं जातं. पाच शिवणींत ते अर्ध्या इंचाच्या वर जातं आणि साडेबारा इंचांचा ब्लॉक बाराहूनही कमी भरतो.

म्हणून पहिला ब्लॉक शिवण्याआधी प्रत्येकाने आपल्या मशीनवर ही चाचणी करावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली पाहिजे. मधली पट्टी कमी भरली तर टीप किंचित काठाकडे घ्या. इस्त्रीची घडीसुद्धा धागाभर कापड खाते, त्यामुळे माया पाव इंचाहून अगदी जराशी कमी राहिलेली चांगली. माप जमलं की मशीनवर त्या रेषेला चिकटपट्टी लावून ठेवा. कापणी मात्र दोघांनीच, एकाच मोजपट्टीने करावी. वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरच्या रेघांची जाडीही फरक पाडते.

चुकीचे ब्लॉक हाती आलेच तर? फरक एक-अष्टमांश इंचापर्यंत असेल तर दोन्ही टोकं आणि मध्य पिनांनी पक्के करा आणि मोठा ब्लॉक खाली, मशीनच्या दातांच्या बाजूला ठेवून शिवा. दात खालचं कापड थोडं जास्त ओढतात, सैलपणा तिथेच मुरतो. ब्लॉक बराच लहान असेल तर त्याला चारी बाजूंनी अरुंद पट्टी जोडून मग मापात कापा. मोठा ब्लॉक सरळ छाटू नका, त्रिकोणांची टोकं जातात. एखादी शिवण उसवून पुन्हा घालणं बरं.

घरोघरचं कापड एकत्र येतं तेव्हा

कुणी कापड धुऊन आणतं, कुणी कोरं. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटू शकतं. दोन्ही शेजारी शिवली तर धुतल्यावर एका ब्लॉकला सुरकुत्या आणि शेजारच्याला झोल. सगळं धुतलेलं किंवा सगळं कोरं, एवढं सुरुवातीलाच ठरवा. लाल आणि गडद निळ्याचा ओला तुकडा पांढऱ्या कापडावर दाबून पाहा. मीठ किंवा व्हिनेगरने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. रंग जाणारं कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, तरीही जात असेल तर बाजूला काढा.

काठ लाटांसारखे फुगतात

काठाची लांब पट्टी गोधडीच्या कडेला लावत लावत शिवत जाऊन उरलेली कापून टाकली, की हे होणारच, कारण कडा हाताळून ताणलेल्या असतात. गोधडीची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, सरासरी काढा, पट्टी तेवढीच कापा आणि गोधडी तिच्यात बसवा. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या कडांवर इस्त्री घासू नका, उचलून ठेवा.

पाठीवर चुण्या

अस्तर आणि आतला थर चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठे घ्या. अस्तर टेबलाला चिकटपट्टीने सपाट बसवा, पण ताणून नाही. ताणलेलं अस्तर सोडलं की आखडतं आणि चुण्या पडतात. सेफ्टी पिना मुठीएवढ्या, म्हणजे साधारण चार-चार इंचांवर लावा आणि टीप मध्यापासून बाहेर नेत जा. दोघे दोन कोपऱ्यांतून एकदम सुरू झाले तर सगळा सैलपणा मध्ये जमतो. दोन टिपांमध्ये किती अंतर चालेल हे आतल्या थराच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. ते ओलांडलं तर धुतल्यावर आत गोळे होतात.

देण्याआधी

लहान मुलांच्या गोधडीवर बटणं किंवा मणी लावू नका. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण नसावं, हे घेणाऱ्या संस्थेला स्पष्ट कळवा. गोधडी सुवास नसलेल्या साबणाने एकदा धुवा, घरोघरचे वास आणि प्राण्यांचे केस निघून जातात आणि कच्ची शिवण तिथेच उघडी पडते. एका कोपऱ्यात आतल्या थराचा प्रकार आणि धुण्याची सूचना लिहिलेलं लेबल शिवा. पिना मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एक जरी कमी भरली तरी चुंबक फिरवून ती सापडेपर्यंत गोधडी बांधायची नाही.