संगणकावर ब्रेल कसं लिहावं: 'ठाणे' चार घरांत

आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी ब्रेल पाटी लावायची ठरली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. वागळे इस्टेटमधल्या एका पाटीवाल्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून मी निर्धास्त झालो. पाटी आली तर प्रत्येक घरात, म्हणजे एका चिन्हासाठीच्या ठिपक्यांच्या चौकटीत, सहाच्या सहा ठिपके! त्याच्या फॉन्टमध्ये न उठलेले ठिपके बारीक पोकळ वर्तुळांनी दाखवलेले होते. मशीनने तेही ठोकून काढले. तेव्हापासून मी ब्रेल डोळ्यांनी नाही, आकड्यांनी तपासतो.

आधी ठिपक्यांचे क्रमांक पाठ करा. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. संगणकासाठी आठ ठिपक्यांचंही घर असतं, त्यात तळाला डावीकडे ७ आणि उजवीकडे ८. पाटीवरच्या मराठीला सहा पुरतात.

युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, १९९९ साली, ३.० आवृत्तीत, ब्रेलला २५६ जागा दिल्या: १०२४० ते १०४९५. कोऱ्या घराचा क्रमांक १०२४०. पुढे प्रत्येक ठिपक्याला किंमत आहे, दर वेळी दुप्पट: पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, मग ८, १६, ३२, ६४, १२८. उठलेल्या ठिपक्यांच्या किमतींची बेरीज करा आणि १०२४० मध्ये मिळवा. झालं. ७ आणि ८ ला सगळ्यात मोठ्या किमती दिल्यामुळे सहा ठिपक्यांची ६४ घरं सुरुवातीलाच सलग बसतात, ही मला फार आवडलेली गोष्ट.

आता भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, 'ठाणे' लिहू. मात्रेला वेगळं चिन्ह नाही, स्वराचंच घर व्यंजनानंतर येतं.

ठ: ठिपके २, ४, ५, ६. बेरीज ५८, क्रमांक १०२९८.
आ: ३, ४, ५. बेरीज २८, क्रमांक १०२६८.
ण: ३, ४, ५, ६. बेरीज ६०, क्रमांक १०३००.
ए: १, ५. बेरीज १७, क्रमांक १०२५७.

एक्सेलमध्ये युनिकॅर (UNICHAR) हे सूत्र (नाव आणि आकडे इंग्रजीत टाइप करून) एकेका क्रमांकावर चालवा आणि उत्तरं जोडा: ⠺⠜⠼⠑

शेवटची दोन घरं पुन्हा बघा. 'ण'चे ठिपके म्हणजेच ब्रेलमधली अंकखूण (पुढे आकडा आहे हे सांगणारं घर), आणि अंकखुणेनंतर १ आणि ५ या ठिपक्यांचं घर आलं की तो आकडा ५. म्हणजे 'णे' आणि '५' दिसायला एकच, क्रमांकही तेच! पहिलं घर इंग्रजीत डब्ल्यू होतं, ते वेगळंच. युनिकोड फक्त ठिपक्यांचा आकार साठवतं; उच्चार, भाषा, काही नाही. बोटाने वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं, पण ब्रेलवरून मजकूर परत काढणाऱ्या प्रोग्रामला भाषा सांगावीच लागते.

जोडाक्षरात एक खोच आहे. देवनागरीत टाइप करताना हलन्त व्यंजनानंतर येतो, भारती ब्रेलमध्ये ४ क्रमांकाचा ठिपका आधी. 'तुर्भे' असं: ⠞⠥⠈⠗⠘⠑

कोरं घर आणि स्पेस यांची गल्लत करू नका. दिसायला सारखेच, पण संगणक कोऱ्या घराला अक्षर समजतो. तिथे शब्द तुटत नाही.

अंध मित्राला मेसेज करायचा असेल तर हा खटाटोप नको. साधं देवनागरी पाठवा. त्याचा स्क्रीन रीडर ते बोलून दाखवेल आणि ब्रेल डिस्प्ले असेल तर ठिपकेही तोच उठवेल. तुम्ही पाठवलेली ठिपक्यांची चिन्हं त्याला बहुधा 'ठिपके दोन चार पाच सहा' अशी ऐकू येतील.

पाटीवाल्याला मात्र मी आता चिन्हांखाली क्रमांक लिहून देतो: २४५६, ३४५, ३४५६, १५. सोबत मापही. घरातल्या शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण अडीच मिलिमीटर. लांबून छान दिसावं म्हणून तो फॉन्ट मोठा करायला निघतो, तेव्हा त्याला अडवावं लागतं: अख्खं घर एका बोटाखाली मावलं पाहिजे.