गिअरबॉक्स खोलायची घाई आणि पिकअपवाल्यांच्या इतर चुका

गिअर अडतोय म्हटलं की बहुतेकांचा हात थेट पान्यांच्या पेटीकडे जातो. "खोलून तर बघू" हे नवशिक्यांचं आवडतं वाक्य. खोलायला फक्त पाने लागतात हो, अक्कल लागते ती न खोलता ओळखायला.

आधी एवढंच करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून पुन्हा तेच. बंद इंजिनवर सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू इंजिनवर पहिला अडतो, रिव्हर्स खर्रर्र करतो, तर पहिला संशय क्लचवर घ्या. क्लच पूर्ण सुटत नसतो. पेडल तीन-चार वेळा भराभर मारल्यावर गिअर पडला, तर पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा तिच्या सिलिंडरचं सील गेलंय.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नव्हतं. शिकाऊ होतो तेव्हा एका पिकअपचा पहिला गिअर पडेना. सिंक्रो रिंगच (गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणारी कडी) गेली, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट काढला, गिअरबॉक्स उतरवला, सगळे गिअर फडक्यावर ओळीने मांडले. रिंगा गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) दाबून फटी बघितल्या, त्या चांगल्या होत्या. तरी "आता उघडलंच आहे तर" म्हणून नव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिअरबॉक्स परत चढवला, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला टाकला. खर्रर्र! उस्ताद काही बोलले नाहीत. गाडीखाली वाकले आणि क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लचचा दांडा ढकलणाऱ्या सिलिंडरचं, रबरी बूट एका बोटाने मागे सरकवलं. आत साठलेलं ऑइल बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं. सील गळत होतं, त्यामुळे पेडल पूर्ण दाबूनही दांडा पुरेसा सरकत नव्हता. सील बदललं, हवा काढली, गिअर पडला. दोन दिवसांची हमाली फुकट गेली.

तेव्हापासून गिअरची तक्रार आली की मी आधी ते बूट सरकवतो. मग कुणाला तरी पेडल दाबायला बसवून दांडा किती सरकतो ते डोळ्यांनी बघतो. काही गाड्यांत हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) आत असतो. तिथे खालून ओल दिसते का आणि क्लचच्या टाकीतलं ऑइल उतरतंय का, एवढंच बघता येतं.

आवाजही बरंच सांगतो. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर. गाडी उचलताना खाली 'खट्' होतं, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) हाताने हलवून बघा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ऑइल बदलतानाची. खालचा ड्रेन नट सोडायचा, जुनं ऑइल सगळं काढायचं, आणि मग कळतं की बाजूचा भरायचा नट हलतच नाही. कुणीतरी आधीच पाईप पान्याने त्याचे कोपरे गोल करून ठेवलेले असतात. आता गिअरबॉक्स कोरडा, गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून आधी भरायचा नट, तो सुटला तरच खालचा. मी आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवतो आणि बरोबर मापाचा सॉकेटच लावतो. ऑइल काढण्याआधी गाडी थोडी फिरवून आणा, कोमट ऑइल नीट उतरतं. ड्रेन नटच्या चुंबकावर राखाडी लगदा असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारा तुकडा मिळाला तर मात्र घाबरा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. भरताना गाडी सपाट हवी. पुढची चाकं जॅकवर उचलून भरलं, तर भोकातून ऑइल सांडायला लागलं तरी पातळी खरी नसते.

आणि ऑइल कोणतं? जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. "जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारी" हे डोक्यातून काढा. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी, ज्यांचे दाते एकमेकांवर जोरात घसरतात. त्यात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं साधारण दुप्पट असतात. पितळी सिंक्रो रिंगला कोनावर घासून पकड घ्यायची असते, हे ऑइल तिला निसटवतं. शिवाय त्यातली काही रसायनं पितळ खातात. काही गिअरबॉक्सना कंपनीच जीएल-५ सांगते, काहींना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. म्हणून मॅन्युअल उघडा. डिफरन्शियलचा उरलेला डबा गिअरबॉक्समध्ये ओतणं ही काटकसर नव्हे.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, चढावर हाफ क्लचवर उभे राहू नका. गिअरच्या दांड्यावर हात विसावू नका, आत गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क घासतो. सील बदलूनही गळती थांबत नसेल तर ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा जायची वाट) मातीने बुजलाय का ते बघा, आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब टोचन करायचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना बऱ्याच गिअरबॉक्समध्ये खालचा शाफ्ट फिरत नाही, वर ऑइल उडत नाही, आणि चाकांबरोबर मेन शाफ्ट मात्र कोरडा फिरत राहतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणाऱ्याला मी माझ्याकडे कामच देत नाही.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचं दोन बोटं अंतर उरतं, तिथे घाईवाले बोल्ट आवळून तो ओढून घेतात. हाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. अंतर मिटत नाही म्हणजे प्लेट मध्यावर नाही किंवा स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळलेल्या नाहीत. गिअर टाकून मागचा शाफ्ट किंचित फिरवा, जॅक केसभर वर-खाली करा. तरीही बसला नाही तर खाली उतरवून प्लेट पुन्हा मध्यावर आणा. बसायचा झाला की तो हाताने ढकलल्यावर 'टक्' करून बसतो, बोल्ट त्यानंतर.