२५×३ च्या पट्ट्या, जस्ताचे थर आणि इलेक्ट्रॉन

कोणता धातू किती ताठर, म्हणजे भाराखाली किती कमी वाकतो, हे घरीच मोजता येतं. तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात २५×३ मिमीची लोखंडी पट्टी मागा, इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठीची त्याच मापाची तांब्याची. ॲल्युमिनियमची पट्टी खिडक्या-दारं बनवणाऱ्याकडे तुकड्यांत मिळते. माप तिन्हींचं एकच घ्या, म्हणजे वाकण्यातला फरक धातूचाच उरतो.

प्रत्येकी ५५ सेमी कापा. १५ सेमी टेबलावर सी-क्लॅम्पने आवळा, ४० सेमी बाहेर. खाली पुठ्ठा किंवा रबर नको, ते दबतं. पट्टी स्वतःच्या वजनानेही झुकते, म्हणून ती शांत झाल्यावरची जागा शून्य धरा. टोकाला २०० ग्रॅम लटकवा. वजनं नसतील तर पिशवीत २०० मिलि पाणी मोजून भरा, पिशवीचं वजन नगण्य असू द्या. मोजमाप मात्र कीटकनाशक फवारणीचं घेऊ नका. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे सांगणं अंगावर येतं, पण पट्टी हलत राहिली तर वाचन घेताच येत नाही.

ताठरपणाचा आकडा म्हणजे यंगचा गुणांक. गुणांक = ४ × बल × लांबी³ ÷ (रुंदी × जाडी³ × झुकाव). लांबी म्हणजे बाहेरची ४० सेमी, झुकाव म्हणजे टोक शून्यापासून जितकं खाली गेलं तितका. सगळं मीटर आणि न्यूटनमध्ये. २०० ग्रॅम म्हणजे १.९६ न्यूटन. लोखंड सुमारे ३.७ मिमी झुकेल, तांबं ६.२, ॲल्युमिनियम १०.६. त्यावरून २००, १२० आणि ७० गिगापास्कलच्या (अब्ज पास्कल) आसपास उत्तर येईल. जाडी स्क्रू गेजनेच मोजा, पाच ठिकाणी: ३ ऐवजी २.८५ मिमी निघाली, तर घनामुळे उत्तर सुमारे १७ टक्के हलतं. तांबं मऊ असेल तर ते परत येत नाही. वजन काढल्यावर शून्य जुळलं नाही, तर ते वाचन फेका. छेडून कंपनं मोजायचा मोह होतो, पण कंपन गुणांक-भागिले-घनतेवर चालतं आणि लोखंड-ॲल्युमिनियमचं ते गुणोत्तर जवळजवळ सारखंच आहे. तिथे दोघांत फरकच दिसणार नाही.

लोहार विळ्याला पाणी देतो, त्याने धार टिकते. ताठरपणा मात्र जवळपास तोच राहतो. तो ठरतो अणूंमधल्या बंधांवर, म्हणजे इलेक्ट्रॉनवर. धातूत अणूंच्या डी-कक्षांतले इलेक्ट्रॉन मिळून ऊर्जेचा एक पट्टा बनतो, तो डी-पट्टा. लोखंडाचा डी-पट्टा अर्धवट भरलेला, त्यातले इलेक्ट्रॉन बंध घट्ट करतात. तांब्याचा तो पूर्ण भरलेला, म्हणून त्याची मदत कमी. ॲल्युमिनियमकडे बंधांसाठी एस आणि पी कक्षांतले इलेक्ट्रॉन एवढेच.

खरी गंमत जस्तात. टिनावर, म्हणजे छपराच्या पत्र्यावर, जी फुलं दिसतात ते जस्ताचे स्फटिक. पण मोजायला टिन चालणार नाही: जस्ताचा थर काही मायक्रॉनचा, आत पोलाद. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून १ मिमी जाडीचा लाटलेला जस्ताचा पत्रा आणा. जस्ताचे अणू षटकोनी थरांत बसतात. थरातल्या शेजारी अणूंमधलं अंतर २.६६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), शेजारच्या थरातल्या जवळच्या अणूपर्यंतचं २.९१. स्फटिकाच्या मूळ घटकाच्या उंची-रुंदीचं गुणोत्तर १.८५६, आदर्श १.६३३ पेक्षा बरंच ताणलेलं. डी-पट्टा भरून खोल गेलेला, आणि उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनचे बंध थराच्या आतच जास्त घट्ट. म्हणून स्फटिकात थराच्या दिशेचा ताठरपणाचा स्थिरांक सुमारे १६५ गिगापास्कल, थराला काटकोनातला सुमारे ६२. मॅग्नेशियम त्याच षटकोनी घराण्यातलं, पण गुणोत्तर १.६२४ आणि दोन्ही दिशांना साधारण ६०.

पत्र्यातून २५ मिमी रुंद दोन पट्ट्या कापा, एक लाटण्याच्या दिशेने, एक आडवी. कात्रीने कडा वाकतात, तेव्हा कानसून सरळ करा. १५ सेमी बाहेर, ५० ग्रॅम वजन. झुकाव अडीच मिमीच्या आसपास येतो. दोन पट्ट्यांत फरक येतो, कारण लाटताना स्फटिकांचे थर एका बाजूला कलतात. वाचन वजन लावताच, दहा सेकंदांत घ्या. जस्त फक्त ४२० अंशांना वितळतं, त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी ते भाराखाली हळूहळू सरकत जातं, आणि झुकाव वाढतच राहतो. सकाळी सातला केलेलं काम बरं.